काकांनी पाणी मागितलं नाही

सहा नोव्हेंबर, शनिवार. त्या दिवसाच्या पानावर माझ्या वहीत एकच काम लिहिलेलं आहे: गाडी ठरवणे. पुढे, रेघ मारून, 'सोमवारच्या आत'. मी रोजची कामं वहीत लिहिते, झालेल्या कामावर काट मारते आणि वह्या फेकत नाही. त्या कामावर त्या दिवशी काट पडली नाही. त्याला कारण फिटरकाका.

आधी माझी अडचण सांगते. इंदूरची आमची कापड मिल बंद झाली तेव्हा आमचे हे तिथे विव्हिंग खात्यात सुपरवायझर होते. दोन वर्षं इकडेतिकडे केल्यावर त्यांना पिथमपूरला एका नव्या कारखान्यात जागा मिळाली. कारखान्याची बस सकाळी सहाला चौकातून उचलायची आणि संध्याकाळी सातला आणून सोडायची. त्याच सुमाराला माझी बदली हातोदच्या मंडी ऑफिसात, म्हणजे धान्यबाजाराच्या कचेरीत, झाली आणि त्याच सुमाराला सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी वर्षभर रोज शेक आणि व्यायाम सांगितला. ते केंद्र बडा गणपती भागात, सकाळी आठला उघडणारं. माझी नणंद तिथेच मागच्या गल्लीत राहते, ती सासूबाईंना दिवसभर ठेवून घ्यायला तयार होती. सगळं जमत होतं, फक्त माझी वेळ जमत नव्हती. त्यांना रिक्षात चढवायचं, शेक होईपर्यंत थांबायचं, नणंदेकडे पोचवायचं आणि मग बस पकडायची, यात हातोदला सव्वाअकरा वाजायचे. मंडीत लिलाव साडेदहाला सुरू होतो. साहेबांनी दोन मेमो दिले होते. तिसऱ्या मेमोबरोबर लांबच्या जिल्ह्यात बदली होईल, हे त्यांनी मला चहा पाजून सांगितलं. लांब गेले असते तर नोकरी सोडावी लागली असती, आणि नोकरी सोडण्यासारखी आमची स्थिती नव्हती. "सोमवारपासून वेळेवर या मॅडम, फिर मुझे कुछ नहीं बोलना," साहेब म्हणाले.

गाडी चालवायला मी उन्हाळ्यात क्लास लावून शिकले होते. लायसन्स होतं. गाडी नव्हती. नवी परवडणारी नव्हती आणि तिच्यासाठी नंबर लावून बसायला वेळही नव्हता. जुनी घ्यायची होती, आणि जुनी घ्यायची तर आमच्या भागात एकाच माणसाकडे जायची पद्धत होती.

फिटरकाका मिलच्या स्पिनिंग खात्यात फिटर होते. माझ्या सासऱ्यांचे दोस्त, म्हणून मी त्यांची सूनबाई. सासरे गेले, मिल गेली, मी चाळिशी ओलांडली, तरी सूनबाईच. उंच, काटकुळे, बाराही महिने खाकी हाफ शर्ट. खिशात पेनाच्या जागी लाकडी बॉबिन, म्हणजे मिलमध्ये सूत गुंडाळायची कांडी. मशीनचं कुठलं बेअरिंग गेलंय ते कळायला फिटर लोक बॉबिनचं एक टोक मशीनला लावायचे आणि दुसरं कानाला. मिल बंद पडल्यावर काकांनी तीच बॉबिन गाड्यांना लावायला सुरुवात केली.

त्यांनी ती योग्य वेळी लावली. त्या दोन-चार वर्षांत इंदूरमध्ये जुन्या गाड्या जिकडेतिकडे विकायला निघाल्या होत्या. ज्यांच्या हातात नवा पैसा आला ते नव्या गाडीपायी जुनी काढत होते, आणि ज्यांच्या घराण्यात कधी सायकलीपुढे कोणी गेलं नव्हतं ते जुनी घ्यायला निघाले होते. या गिऱ्हाइकांना गाडीतलं काही कळत नव्हतं आणि विकणाऱ्यांना ते चांगलं कळत होतं. मध्ये काका उभे राहिले. गंमत अशी की त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. कोणी तसं म्हटलं की सांगायचे, "चलवायला ड्रायव्हर असतात हो. मी ऐकतो."

फी घेत नसत. एका गाडीला पाव किलो लौंगी, म्हणजे लवंगेची तिखट शेव, तीही राजवाड्याजवळच्या एका ठरावीक दुकानाची. कोणी खूश होऊन अर्धा किलो आणली तर पाव किलो वेगळी काढून परत द्यायचे. "गाड्या किती बघितल्या? एक ना? मग."

मिलच्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला होता. त्यामुळे ते हळू बोलूच शकत नसत. माणसं मशीनवरून ओरडून बोलतात तसं ते सगळीकडे बोलत, दवाखान्यात, मयताला, आणि गाडी विकणाऱ्याच्या दारातही. गाडीतला दोष मालकाच्या कानात सांगायची सोय नव्हती. सगळ्या मोहल्ल्याला कळायचा. राजवाड्याच्या मागे एका कापडवाल्या शेठची निळी गाडी बघायला आम्ही गेलो होतो. काकांनी खिशातून चुंबकाचा तुकडा काढला. कापसातले खिळे आणि तारा पकडायला मिलमध्ये मोठे चुंबक असतात, त्यातलाच हा तुकडा. तो रुमालात गुंडाळून ते गाडीच्या पत्र्यावरून फिरवायचे. जिथे पत्रा असेल तिथे चिकटायचा. जिथे ठोकर खाल्लेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला असेल तिथे चिकटायचा नाही. शेठच्या गाडीच्या डाव्या दारावरून तो तीनदा खाली पडला.

"दरवाजा किधर है सेठजी?" काका आपल्या आवाजात म्हणाले.

"ये क्या सामने है."

"ये तो पुट्टी है. मैं दरवाजा पूछ रिया हूँ."

समोरच्या दुकानातले चार लोक बाहेर आले. शेठ हात जोडून मला म्हणाले, "बेनजी, इनको ले जाओ. दिवाली सिर पे है, क्यों मेरा माल बदनाम कर रहे हो भिया?"

मला शेठची थोडी कीव आली, पण काकांना येत नसे. कीव ही गोष्ट त्यांच्या हत्यारांत नव्हती. परत येताना सायकल हातात धरून ते माझ्याबरोबर चालत होते आणि मला शिकवत होते. त्यांना शिकवायला फार आवडायचं आणि मध्ये कोणी बोललेलं अजिबात आवडायचं नाही. "मीटर बघू नको. मीटर मागे फिरवून मिळतो, चौकाचौकात फिरवून देतात. क्लचच्या पेडलचं रबर बघायचं. गाडी वीस हजार चालली म्हणतात आणि रबर पुरं घासून चकचकीत झालंय, तर कोण खोटं बोलतंय? आणि टेप लावून दाखवणारा मालक असला तर आधी टेप बंद करायला सांगायचा. गाणी ऐकवतात म्हणजे इंजिन ऐकू द्यायचं नाही."

पण त्यांचा सर्वात मोठा नियम होता गार बॉनेटचा. आधी कळवून गाडी बघायला जायचं नाही, आणि गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवायचा. गार असेल तर पुढचं बोलणं. गरम असेल तर राम राम. काकांचं म्हणणं असं की गाडीचा आजार थंडीत, पहिल्या चावीला कळतो. एकदा तापवून ठेवलं की कुठलंही इंजिन सभ्य होतं. "गरम बॉनेट दिसलं की समजायचं, मालकाला काही तरी माहीत आहे आणि ते त्याला तुला सांगायचं नाही."

एका रिटायर्ड साहेबांकडे बॉनेट गरम लागलं. ते म्हणाले, "सुबह मंदिर गया था." काका म्हणाले, "मंदिर आपके कंपौंड में है." आणि सायकलला टांग मारून निघाले. मी मागे राहून साहेबांच्या बायकोला नमस्कार केला. ती हसत होती.

या नियमात बसलेल्या गाडीची मग खरी परीक्षा. काका हात न लावता तिच्याभोवती चार फेऱ्या मारायचे. मग बॉनेट उघडून बॉबिन कानाला. शेवटी मालकाकडे पाणी मागायचे. मालकाला वाटायचं म्हाताऱ्याला तहान लागली. स्टीलचा ग्लास आला की काका तो चालू गाडीच्या बंद बॉनेटवर ठेवायचे आणि हात मागे बांधून बघत राहायचे. पाण्यावर बारीक बारीक गोल उठले तर ठीक. पाणी हिंदकळलं, सांडलं, तर इंजिन आतून हललेलं आहे. गाडी पसंत पडली तर ते पाणी घटाघट पिऊन टाकायचे. नाही पडली तर जवळच्या कुंडीत ओतायचे आणि ग्लास उपडा करून परत द्यायचे. काका पाणी प्यायले की नाही, एवढंच गिऱ्हाइकाने बघायचं. वेगळं विचारायचं नाही. मला ही पद्धत पसंत होती. मालकासमोर कुजबुजावं लागत नाही आणि वेळ वाचतो.

माझ्यासाठी आम्ही तीन आठवड्यांत सहा गाड्या बघितल्या. तीन कुंड्यांना पाणी मिळालं. चौथी शेठची निळी, तिथे पाण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. पाचवी म्हणजे ते साहेबांचं मंदिर.

सहावी होती बडा गणपतीच्या एका होमिओपॅथी डॉक्टरांची, छोटी, लाल, चार वर्षं वापरलेली. नव्या धर्तीच्या या छोट्या गाड्या तेव्हा घरोघरी दिसू लागल्या होत्या. मला ती बघताक्षणी सोयीची वाटली. पण काकांनी एकच फेरी मारली, दारावर टिचकी वाजवली आणि म्हणाले, "ही गाडी नाही, साबणदानी आहे." बॉबिन काढली नाही, पाणी मागितलं नाही. डॉक्टरांची बायको ग्लास घेऊन बाहेर आली तोवर काका गल्लीच्या टोकाला पोचले होते.

"त्यात वाईट काय आहे?" मी गाठून विचारलं.

"वजन कुठाय तिच्यात? अगं, एका माणसाने ढकललं तर नाल्यात जाईल. मशीन म्हणजे कसं पाहिजे? पाय रोवून उभं पाहिजे."

मिलच्या माणसांचं हे एक होतं. त्यांना जड वस्तू खरी वाटायची. आमच्या घरातही तेच. मिलने ह्यांना एका दुपारी गेटबाहेर काढलं, पण घरात चादरी मिलच्या, पडदे मिलच्या कापडाचे, सासऱ्यांनी आणलेली लोखंडी पेटी मिलची. बाजारातली चादर मी आणली तर हे ती चिमटीत धरून बघणार आणि म्हणणार, "ह्यात सूत कुठे आहे?" मिलने माणसांचं काय केलं हा विषय निराळा. माल मिलचाच चांगला, यावर आमच्या गल्लीत दोन मतं नव्हती.

म्हणूनच त्या आठवड्यात काका मिलच्या गाडीची बातमी घेऊन आले तेव्हा माझ्याशिवाय सगळ्यांना आनंद झाला.

मिलच्या मॅनेजरसाठी एक मोठी पांढरी गाडी होती. मिलला कुलूप लागल्यापासून ती आतल्या शेडमध्ये उभी होती. आता आतलं सामान एका भंगारवाल्याने लिलावात घेतलं होतं, त्यात ही गाडीही गेली. काकांनी त्याला गाठून शब्द घेतला होता: रविवार संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक आणलं तर गाडी तशीच देईन, नाही तर सोमवारी सकाळी ट्रक लावून सगळ्याबरोबर उचलणार आणि कापणार.

"तुझ्यासाठीच थांबवली," काका आमच्या ओट्यावर बसून म्हणाले. "सीट उंच. भाभींना बसताना वाकायला नको, पाय मुडपायला नको. पत्रा असा की ट्रकने विचार करावा. मी जबान देतो."

"चला, घ्यायचीच," हे म्हणाले. "मिलची गाडी मिळत असताना बाहेर कशाला जायचं?"

सासूबाईंची जीभ तेव्हा जड झाली होती, पण त्यांनीही मान हलवली. सीट उंच हे त्यांना पटलं होतं. मलाही पटलं होतं, हे मी लपवणार नाही. वारं गेलेल्या माणसाला गाडीत बसवणं म्हणजे काय असतं ते मला रिक्षावाले रोज शिकवत होते.

"शनिवारी आठला मिलच्या मागच्या गेटाशी ये," काका म्हणाले. "चौकीदाराला सांगून ठेवतो."

हे झालं सहा नोव्हेंबरच्या आधी. शनिवारी मला सुट्टी होती. मी सकाळची कामं उरकली आणि पावणेआठलाच निघाले. मला वेळेआधी पोचायची सवय आहे. वेळेवर पोचता येत नव्हतं ते फक्त हातोदला.

चौकीदाराने गेटातली छोटी दिंडी उघडली. आत गवत कमरेएवढं वाढलेलं, मधून सायकलच्या चाकाने पडलेली एक बारीक वाट. वाट सरळ शेडपर्यंत गेली होती. काका गाडीपाशी पाठमोरे उभे होते आणि वेस्टने, म्हणजे टाकाऊ सुताच्या बोळ्याने, हात पुसत होते. मला बघून दचकले. काका दचकलेले मी प्रथमच बघितले.

"तू आठला येणार होतीस."

"काम लवकर झालं."

गाडी सुंदर होती. तसा मला गाड्यांत सुंदर-असुंदर कळत नाही, पण ती कोणीतरी रोज पुसत असल्यासारखी होती. काचा स्वच्छ, टायरमध्ये हवा, सीटवर मिलचीच पांढरी चादर ताणून घातलेली. काका तिच्याबद्दल बोलायला लागले. कुठला पार्ट कुठे बनला, मॅनेजरसाहेब हिच्यातून कसे यायचे. एवढं बोलणं त्यांनी आधीच्या कुठल्याही गाडीबद्दल केलं नव्हतं. फेऱ्या मारल्या नाहीत. बॉबिन खिशातच होती. चौकीदाराचा माठ तिथे दहा पावलांवर होता, पण काकांनी पाणी मागितलं नाही.

मी हात बॉनेटवर ठेवला. शोध लावायचा म्हणून नव्हे. तीन आठवड्यांत हाताला वळणच पडलं होतं.

"काका, गरम आहे."

"ऊन लागलं असेल."

मी वर बघितलं. शेडचं छप्पर धड होतं. काकांनीही वर बघितलं. आम्ही दोघं काही वेळ त्या छपराकडे बघत उभे होतो.

माझ्याकडे दोन दिवस होते आणि मला भांडायचं नव्हतं. रागही आला नव्हता. मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती, ती मी विचारली. "सोमवारी सकाळी सव्वासातला मला घर सोडायचंय. मागे सासूबाई बसलेल्या असतील. ही गाडी सव्वासातला सुरू होईल?"

काका वेस्टने हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले होते तरी पुसत राहिले.

"उन्हाळ्यात होईल," ते म्हणाले.

"आता नोव्हेंबर आहे."

"दोन माणसं ढकलायला लागतात. नंतर दिवसभर काही तक्रार नाही."

"माझ्याकडे सकाळी ढकलायला कोणी नाही. हे सहालाच जातात."

"माहीत आहे मला." पहिल्यांदाच त्यांचा आवाज साध्या माणसासारखा, खाली आला. "आज चौकीदार आणि मी ढकलली. साडेसहापासून."

"मग मी काय करू?"

"नको घेऊ," काका म्हणाले.

नंतर त्यांनी आपणहून सांगितलं. कुलूप लागल्यापासून दर शनिवारी सकाळी ते येत होते. चौकीदार आणि ते गाडी ढकलून सुरू करायचे, दहा मिनिटं चालू ठेवायचे, बंद करायचे. "एवढ्या मोठ्या मिलमध्ये चालू असलेली ही एकच चीज होती, सूनबाई. बाकी सगळं मी माझ्या हाताने ग्रीस लावून झाकून ठेवलं. आज ना उद्या उघडेल म्हणून. तो भंगारवाला ग्रीस पुसून वजन करतोय."

धीराचे शब्द मला सुचत नाहीत आणि सुचले तरी त्यांना ते नको होते. तिथे आणखी थांबले असते तर काकांना माझ्यासमोर आणखी काही बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, "डॉक्टरांची लाल गाडी अजून गेली नसेल. उद्या सकाळी सातला मी सासूबाईंना रिक्षाने घेऊन तिथे जाते. तुम्ही या."

"मी बघितलीय ती."

"तुम्ही बघितली नाही. नाक मुरडलंत."

मी वाटेला लागले. घरी ह्यांना सांगितलं की मिलची गाडी घ्यायची नाही, सकाळी सुरू होत नाही. बॉनेटबद्दल सांगितलं नाही. आज ही पहिलीच वेळ सांगते आहे, कारण काका आता नाहीत आणि सांगितल्याने त्यांची किंमत कमी होते असं मला वाटत नाही. विकायला बसलेला माणूस काय काय करतो ते मी मंडीत रोज बघते. तोंडावर विचारल्यावर 'नको घेऊ' म्हणणारा मला नोकरीच्या तीस वर्षांत दुसरा भेटलेला नाही.

रविवारी सातला मी सासूबाईंना घेऊन बडा गणपतीला पोचले तर काका आधीच गल्लीत, सायकलला टेकून उभे. दाढी केलेली. डॉक्टर लुंगीवर, तोंडात ब्रश.

"अरे, आप लोग फिर? बता के तो आते."

"बता के आते तो आप गाडी नहला देते," काका म्हणाले. आवाज पुन्हा नेहमीचा, गल्लीच्या दोन्ही टोकांना पुरेल असा. मला बरं वाटलं.

त्या दिवशी त्यांनी साबणदानीला काही सोडलं नाही. बॉनेटवर हात, गार. चार फेऱ्या. चुंबक चारही दारांना, टपाला, खाली वाकून कडांना. पेडलचं रबर अंगठ्याने चाचपलं. पहिल्या चावीला इंजिन लागलं, तरी बंद करून पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. बॉबिन कानाला लावून डोळे मिटून उभे राहिले ते इतका वेळ की डॉक्टरांचा ब्रश थांबला. मग मागे जाऊन डावा कोपरा दाबला आणि जाहीर केलं, "इधर का शॉकअप गया है डॉक्टरसाब."

"वो तो थोडा..."

"थोडा नहीं, पूरा गया है. डाल के दो."

"डाल के दूंगा भिया, धीरे बोलो, पूरी गली मेरी पेशंट है."

खरी अडचण सीटची होती. ती खाली होती. मी सासूबाईंचा पाय आधी आत घालायला गेले आणि त्या कळवळल्या. काकांनी मला बाजूला केलं, पण त्यांना हात लावला नाही, नुसतं सांगत गेले. "भाभी, आधी पाठ गाडीकडे. हां. आता बसा, कंबर आधी. पाय बाहेरच राहू द्या. सूनबाई, आता दोन्ही पाय एकदम उचल आणि फिरव. बॉबिन फ्रेमवर चढवताना फिरवतो, तसं." सासूबाई आत गेल्या, धक्का न लागता. "खाली गादीचा तुकडा घाल, चार बोटं उंच. आणि परवापर्यंत हे दहादा करून बघ."

"परवा नाही, उद्या," मी म्हटलं.

"मग आजच कर."

डॉक्टरांच्या बायकोने ग्लास आणला. काकांनी तो बॉनेटवर ठेवला. पाण्यावर बारीक गोल उठत होते, थरथर म्हणावी इतके बारीक. काका बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मागच्या सीटवरून सासूबाईही. मग त्यांनी ग्लास उचलला, सगळं पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"साबणदानीच आहे," ते म्हणाले. "पण चांगली आहे."

ती गाडी मी अकरा वर्षं चालवली. दोनदा पंक्चर, एकदा पंख्याचा पट्टा, बाकी काही नाही. तिसरा मेमो कधी आला नाही, आणि सासूबाई दीड वर्षाने काठी घेऊन स्वतः चालू लागल्या. काकांनी त्यानंतरही कितीतरी गाड्या बघितल्या. पाणी कोणाकडे किती प्यायले त्याचा हिशेब त्यांनाच माहीत. मिलच्या गाडीचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. शेव मात्र माझ्याकडून घेतली नाही. मी घेऊन गेले होते. दारातच म्हणाले, "ह्या गाडीची नाही घेणार," आणि पुडी परत हातात दिली.

त्या रविवारी व्यवहार ठरल्यावर दुपारी डॉक्टरांच्या अंगणातच सासूबाईंना दहादा गाडीत बसवून उतरवलं. संध्याकाळी नवा शॉकअप घालून गाडी आमच्या दाराशी आली. वहीतल्या कामावर मी काट मारली आणि खाली सोमवारचं लिहिलं: सव्वासातला निघणे.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला निघाले. सासूबाई मागे, गादीच्या तुकड्यावर, मांडीवर डबा. गाडी पहिल्या चावीला लागली. मिलच्या मागच्या रस्त्याला वळले तर गेटाशी ट्रक उभा होता आणि चारजण पांढऱ्या गाडीला दोर बांधून फळीवरून वर ओढत होते. काका बाजूला उभे होते. ओढणाऱ्यांना ते मोठ्याने सांगत होते, आधी पुढची चाकं सरळ करा, अशी वाकडी चढवली तर घासेल. कापायलाच न्यायची होती, तरी. माझा पाय ब्रेकवर गेला.

काकांनी मला बघितलं. हात वर करून, पंजा पुढे ढकलत, त्यांनी चल, चल, अशी खूण केली आणि पुन्हा ट्रककडे तोंड फिरवलं.

मी थांबले नाही. दुसरा गिअर टाकला. आठला सासूबाईंना केंद्रावर उतरवलं, नवाला नणंदेकडे पोचवलं आणि दहा वाजून पाच मिनिटांनी हातोदला मस्टरवर सही केली. साहेब अजून आले नव्हते.